अकिया: किल्ली हातात येण्याआधी

(दृश्य: डोंगरउतारावरचं कौलारू लाकडी घर. अंगणात कमरेएवढं गवत.)

जपानमधलं घर तीन लाख येनचं आणि दलाली 3 लाख 30 हजार. ऐकण्यात चूक नाही. जुलै 2024पासून 80 लाख येनपर्यंतच्या घरांवर दलालाला करासकट तेवढे घेता येतात. त्याआधी इतक्या स्वस्त घराचं काम सहसा कोणी हातातच घेत नसे.

जपानीत रिकाम्या घराला अकिया म्हणतात. 2023च्या सरकारी पाहणीत अशी 90 लाख घरं निघाली. त्यात भाडेकरूची वाट बघणारे शहरातले फ्लॅटही आले; ज्यांचा काहीच वापर ठरलेला नाही अशी सुमारे 38.5 लाख.

परदेशी माणसाला घर आणि खालची जमीन, दोन्ही स्वतःच्या नावावर घेता येतात. व्हिसा मात्र घरासोबत मिळत नाही. गावच्या कचेरीच्या यादीत, म्हणजे अकिया बँकेत, बऱ्याच घरांना कायम राहायला येण्याची अट असते. सोबत शेत असेल तर कृषी समितीची परवानगी वेगळी.

आधी नोंदणीचा उतारा काढा. 600 येनमध्ये तो कुणालाही मिळतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबा वर्षानुवर्षं जिवंत असतात, तसंच इथेही. वारस नोंद सक्तीची झाली ती 1 एप्रिल 2024ला. उताऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव असेल, तर सगळ्या वारसांची संमती लागते. एखादा ब्राझीलला स्थायिक झालेला निघाला की झालं! हे निस्तरणं विकणाऱ्याचं काम. तोवर विसार देऊ नका.

मग टेप घेऊन रस्ता मोजा. नगररचना क्षेत्रात किमान 4 मीटर रुंद रस्त्याला जागेची 2 मीटर बाजू लागून हवी. नसेल तर घर पाडून नवं बांधता सहसा येत नाही. डागडुजीची पळवाटही आता अरुंद झाली आहे: एप्रिल 2025पासून दुमजली लाकडी घराच्या मोठ्या दुरुस्तीलाही मंजुरी लागते, आणि तिथे रस्त्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

(दृश्य: तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरलेली गवताची जाड चटई, उचलली जाते. खाली विजेरीचा प्रकाश.)

न्हाणीघराकडच्या कोपऱ्यातली तातामी उचला. फळी काढून खालच्या आडव्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचा. टणक लागलं तर ठीक. भिजलेल्या बिस्किटात शिरावं तसं पातं आत गेलं, तर खांबाच्या पायथ्याशी बोटभर रुंदीच्या मातीच्या नळ्या शोधा. त्या वाळवीच्या वाटा. बंद घरात हवा खेळत नाही, त्यात जूनचा पाऊस. ओल खालीच कोंडते. गळकं छप्पर निदान डोळ्यांना दिसतं.

संडासाचं झाकण उघडा. खाली नुसता खड्डा असेल तर मैला उपसायला गाडी येते. त्याजागी शुद्धीकरण टाकी बसवायची, तर दहा लाख येनच्या आसपास जातात. काही गावं अनुदान देतात, पण काम सुरू करण्याआधी अर्ज केला तरच.

खरेदीनंतर काही महिन्यांनी घर-जमीन घेतल्याचा कर येतो, पुढे मालमत्ता कर दरवर्षी. तुम्ही जपानबाहेर राहत असाल तर ही पत्रं घेऊन कर भरणारा तिथला प्रतिनिधी नेमावा लागतो.

करारात एक ओळ जरूर घाला: आतलं सामान कोण हलवणार? कपाटं, गाद्या, ताटवाट्या टेम्पोत जातील. पूर्वजांचा देव्हारा मात्र तसाच उचलून टाकत नाहीत. आधी देवळातला भिक्षू येऊन मंत्र म्हणतो, मग देव्हारा दाराबाहेर निघतो.