खांबाचा नंबर काय?

श्रोतेहो, नमस्कार. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये आधी अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे संस्थानात लागू केलं. हे तुम्हाला पाठ आहे. जयंतीला आपण हार घालतो, भाषणं ऐकतो (प्रमुख पाहुण्यांच्या बोलण्याला कायद्यानेच दहा मिनिटांची मर्यादा घालावी, हे माझं जुनं मत) आणि घरी येतो. पण साक्षर झालेल्या पोराने पुढे काय करायचं?

तर ऐका. रुळांपलीकडच्या एका वस्तीत देवळाच्या ओटल्यावर संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी भाची शिकवायला जाते. समोरच्या खांबावरचा दिवा गेला. मोठी माणसं म्हणाली, "आपलं कोण ऐकतंय!" नववीतल्या एका मुलीने वहीचं पान फाडून गुजरातीत अर्ज लिहिला आणि दोघा पोरांना घेऊन वॉर्ड ऑफिस गाठलं. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "थांभलानो नंबर?" झालं! पोरं हात हलवत परत.

नंबर खांबावर होता, पण त्यावर कुठल्याशा क्लासचं हँडबिल डकवलेलं. तिने पाणी मारून ते नखांनी खरवडलं, आकडे तळहातावर उतरवले. भाचीने एवढंच सांगितलं: अर्जाच्या दोन प्रती ने, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. पुन्हा सांगतो, दोन प्रती आणि शिक्का. साहेब शिक्क्याला कुरकुरले. ही म्हणाली, "वांधो नहीं, हूं बेठी छुं." आणि खरंच बाकावर पुस्तक उघडून बसली. शिक्का मिळाला.

दिवाही लागला, यथावकाश. पण आता वस्तीतल्या आज्या रेशन कार्डाचे, पेन्शनचे कागद घेऊन तिलाच शोधत येतात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर धाकट्यांना घालायचं, तर त्याचे अर्जही तीच बघते.

वेळ संपत आली, म्हणून मतदार नोंदणीचं थोडक्यात. मत अठराव्या वर्षी, पण नाव नोंदवायचा अर्ज सतरा पूर्ण झाले की आगाऊ करता येतो. फॉर्म सहा. सतरा पूर्ण, फॉर्म सहा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलं त्या वयाची असतील तर रविवारी चहाला बोलवा, फॉर्म समोर ठेवा. मात्र पेन त्यांच्याच हातात द्या.