श्रीचक्रधरस्वामी आणि त्यांची आठवण ठेवणारी माणसं

मंडळी, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्यावर बोलायचं तर एक अडचण पहिल्यांदाच सांगून टाकतो. या माणसाने आपल्या हाताने एक ओळही लिहून ठेवलेली नाही. ग्रंथ नाही, अभंग नाही, एखादं पत्रसुद्धा नाही. तरीही तेराव्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्याही मराठी मुलखातल्या माणसाबद्दल आपल्याला इतकं बारीकसारीक ठाऊक नाही. ते काय जेवले, कोणाला काय म्हणून चिडवलं, कोणत्या झाडाखाली बसले, सगळं नोंदलेलं आहे. हे घडलं कसं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

चरित्र थोडक्यात पाहू. मूळचे गुजरातचे, भडोचचे. प्रधान विशाळदेव यांचे पुत्र, नाव हरपाळदेव. पंथाची श्रद्धा अशी की हरपाळदेवांचा देह पडला आणि त्यात द्वारावतीचे चांगदेव राऊळ या अवतारी पुरुषाने प्रवेश केला. पुढे हे प्रधानपुत्र जुगारात हरले. पैसे चुकते करायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत आणि त्यांचं संसारातलं मन उडालं. आता पाहा, अवतार मानलेल्या पुरुषाच्या चरित्रात शिष्यांनी जुगार तसाच ठेवलाय. झाकला नाही. या लोकांवर माझा विश्वास बसतो तो इथे.

रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून ते निघाले आणि वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, लोकांच्या लेखी वेडे. त्यांच्याकडून शक्तिस्वीकार झाला, म्हणजे त्यांची आध्यात्मिक शक्ती यांनी घेतली, आणि चक्रधर हे नाव मिळालं. मग सालबर्डीचा डोंगर आणि एकट्याची भटकंती. शिष्यांनी जपलेल्या त्यांच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, त्याच्या या भागाला ‘एकांक’ म्हणतात. शिकारी कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेला ससा त्यांच्या मांडीखाली लपला, ती गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनीच वाचली आहे. शरण आलेल्याला द्यायला त्यांनी नकार दिला आणि पारध्यांनाही तो पटला.

पैठणला आल्यावर माणसं जमू लागली. आधी बाइसा ही शिष्या, मग इतर, आणि पुढे ज्यांच्यावर सगळा भार पडला ते नागदेव, म्हणजे भटोबास. शिष्यांना दिलेले नियम कडक होते. एका गावात मुक्काम वाढवायचा नाही, ओळखीच्या मुलखात रमायचं नाही, चारही वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायची, हिंसा करायची नाही, परमेश्वराखेरीज दुसऱ्या देवतेच्या मागे लागायचं नाही. ज्या काळात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचे ढीग रचत होता, त्या काळात हे चाललं होतं. कोणत्या तिथीला काय करावं यावर ज्यांचं घर चालायचं, त्यांना हा माणूस आवडणं शक्यच नव्हतं.

आणि बायका. खरा खटका इथेच उडाला. चक्रधरांभोवती बायका होत्या, त्या प्रश्न विचारत होत्या आणि त्यांना उत्तरं मिळत होती. विटाळाचा विषय निघाला तेव्हा स्वामींनी सरळ सांगितलं की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच हाही देहाचा धर्म, यात विटाळ मानायचं कारण नाही. सातशे वर्षं झाली. आपापल्या घरात डोकावून बघा, मी काही बोलत नाही. पुरुष शिष्य कुरकुरले तेव्हा, तुमचा तेवढा जीव आणि त्यांची काय जीवली, अशा अर्थाचं ऐकवून त्यांनी त्यांना गप्प केलं. महदाइसा ही नागदेवांच्या नात्यातली. तिच्याबद्दल ते कौतुकाने म्हणाले, ‘म्हातारी जिज्ञासक, म्हातारी चर्चक’. सतत काहीतरी पुसतच असते म्हणून. हीच महदाइसा पुढे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचून मराठीतली आद्य कवयित्री ठरली. शिष्येच्या चौकसपणाला अशी पावती देणारे गुरू आजही किती सापडतील?

पैठणला त्यांच्यावर आरोप ठेवले गेले, सभा बसली, आणि नाक कापण्याची शिक्षा झाली असं लीळाचरित्र सांगतं. त्यामागे हेमाद्रीचा हात होता असं महानुभाव ग्रंथ ठामपणे म्हणतात. पुढे 1274 च्या सुमारास स्वामी शिष्यांना सोडून उत्तरेकडे गेले. पंथ याला मृत्यू मानत नाही, उत्तरापंथे गमन म्हणतो. अनुयायांच्या हातात मात्र काही उरलं नाही.

मग ही पोरकी मंडळी ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत गोळा झाली. त्यांत म्हाइंभट होते. सराळ्याचे मोठे पंडित, मूळचे वादविवादाला आलेले. नागदेवांच्या तोंडून स्वामींच्या आठवणी रोज निघत. म्हाइंभटांना वाटलं, या टिपल्या पाहिजेत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याला ज्याला स्वामींचा सहवास घडला, त्याला त्याला गाठून त्यांनी विचारलं. कोणती लीळा कुठे घडली, तेव्हा जवळ कोण होतं, कोण काय म्हणालं. साधारण 1278 च्या आसपास हे काम आकाराला आलं. लीळाचरित्र हा मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ असा जन्मला, आणि त्यासाठी म्हाइंभटांनी संस्कृतातली पंडिताई बाजूला ठेवली होती. मला विचाराल तर आपल्याकडच्या पहिल्या शोधपत्रकाराचा मान त्यांना द्यायला हरकत नाही.

नंतर खलजी फौजांच्या धावपळीत पोथी हरवली. तेव्हा ज्यांना पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यांतला एक पाठ हिराइसेचा. पाठांमध्ये फरक पडला तेव्हा पंथाने एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, अशा ‘वासना’ पोथीतच लिहून ठेवल्या. स्वामी जिथे जिथे बसले, उठले, त्या जागाही ‘स्थानपोथी’त दिशेसकट नोंदल्या. एका जागी राहू नका म्हणणाऱ्या गुरूच्या बसण्याच्या जागा मोजणं हा विरोधाभास आहे खरा. पण त्यामुळेच आज यादवकाळातली गावं आणि देवळं यांचा नकाशा काढता येतो.

नागदेवांचे शिष्य केशोबास चांगले संस्कृतज्ञ. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवांनी अडवलं आणि कारण सांगितलं ते असं, की त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे संस्कृत न येणाऱ्या वृद्ध शिष्या वंचित राहतील. केशोबासांनी ऐकलं. स्वामींची वचनं आणि दृष्टांत त्यांनी मराठीतच गुंफले. आंधळे आणि हत्तीचा दृष्टांत त्यातलाच.

पण याच पंथाने पुढे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. भोवतालचा विरोध आणि राजकीय धामधूम पाहता भीती समजण्यासारखी होती, आणि त्यामुळे पोथ्या बचावल्या हेही मान्य. पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत मठ गेले, तिथे ही मराठी जपली गेली. इकडे महाराष्ट्रात मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महंतांनी लिपीची किल्ली देईपर्यंत आणि भावे, राजवाडे यांच्यासारखे अभ्यासक त्या पोथ्यांपर्यंत पोचेपर्यंत, शेजारच्या घरात काय ठेवलंय याचा बाकीच्या मराठी माणसांना पत्ता नव्हता. म्हाताऱ्यांसाठी उघडलेला ग्रंथ शेजाऱ्यांना कित्येक शतकं बंद राहिला. त्या काळात महानुभावांविषयी जे वाईटसाईट बोललं गेलं, ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांचं एक पानही वाचलेलं नव्हतं.