काखेतली पहिली गाठ

नमस्कार मंडळी. माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या लिम्फच्या गाठी (सगळ्यांच्याच शरीरात असतात त्या) सरसकट काढायचे, तिच्याही काढल्या. कॅन्सर गेला, पण गाठी काढल्यामुळे वर्षभरात हात एवढा सुजला की पाटल्या सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या आणि ब्लाऊजची एक बाही कायम मोठी शिवायला लागायची. रिपोर्ट आला तर एकाही गाठीत कॅन्सर नव्हता. हे आठवलं की अजून पोटात तुटतं हो.

तर स्तनातलं लिम्फ नावाचं पाणी बारीक नळ्यांतून काखेतल्या गाठींकडे वाहतं, आणि कॅन्सर पसरलाच तर बहुतेक वेळा आधी पहिल्या एक-दोन गाठींत अडकतो. त्यांना सेंटिनेल नोड म्हणतात, म्हणजे नाक्यावरच्या गाठी. त्या काढून तपासल्या आणि स्वच्छ निघाल्या तर मागच्यांना हात लावत नाहीत. हे 1990च्या दशकात सुरू झालं, त्या गाठी शोधायला निळा डाय नाहीतर टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी औषध वापरतात, पण टेक्नेशियमला न्यूक्लियर मेडिसिनची सोय लागते, ती छोट्या गावात कुठून येणार?

म्हणून मला आयसीजीचं फार कौतुक वाटतं. इंडोसायनिन ग्रीन, लिव्हर नि हार्टच्या तपासणीसाठी 1950च्या दशकापासून वापरात असलेलं जुनंच औषध. 2005 मध्ये जपानी डॉक्टरांनी ते सेंटिनेल नोड शोधायला वापरून दाखवलं. भूल दिल्यावर स्तनाग्राजवळ इंजेक्शन देतात, थोडं चोळतात आणि थिएटरचे मोठे दिवे चक्क बंद करतात, कारण त्या दिव्यांनी कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. मग कॅमेऱ्यातून इन्फ्रारेड प्रकाश पडतो, तो आपल्याला दिसत नाही पण औषध त्यानं चमकतं, आणि स्क्रीनवर कातडीखालून एक उजळ रेघ हळूहळू काखेकडे सरकत जाते. जिथे ती दिसेनाशी होते तिथे नळी खोल गेली असं समजायचं, सर्जन तिथेच छोटा छेद घेतात, पुन्हा कॅमेरा धरतात, आणि आत चरबीत गाठ दिव्यासारखी चमकताना दिसते.

कॅमेरा महाग आहे, सगळीकडे नसतो, पण निळ्या डायनंही गाठ शोधता येते, त्यामुळे कॅमेरा नाही म्हणून सगळ्या गाठी काढा असं होत नाही. काखेत आधीच कॅन्सर पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा, सेंटिनेल नोड तपासणार का, आणि कशानं शोधणार? आणि हो, आयोडीनची ऍलर्जी असेल तर तेव्हाच सांगा, आयसीजीत आयोडीन असतं.