आधी मागच्या सीटवर बसून बघा

नमस्कार श्रोतेहो.

माझं फलटणला गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. सल्ला विचारायला माणसं दोनदा येतात. गाडी घ्यायच्या आधी एकदा आणि घेतल्यावर एकदा. दुसऱ्या वेळी आलेल्याला सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, म्हणून आज पहिल्या वेळेबद्दलच बोलतो.

२०२४ च्या दसऱ्याआधीची गोष्ट. माझे दाजी सांगोल्याकडे डाळिंबाची बाग करतात. भाचा पुण्यात हिंजवडीला कामाला. बाप-लेकानं मिळून एकच मोठी गाडी घ्यायची ठरवली. दाजींना स्कॉर्पिओ-एन हवी होती, भाच्याला एक्सयूव्ही ७००. कोटेशनं दोन्हींची आणली. फरक जेमतेम चाळीस हजारांचा. फोनवर दोघांचं भांडण ऐकून ऐकून आक्का कंटाळली आणि म्हणाली, "तू ये बाबा, आणि काय ते एकदाचं ठरव."

आता गंमत बघा. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, महिंद्राच्या. दोन्ही तेव्हा आपल्या चाकणला बनायच्या. एक्सयूव्ही ७०० आली २०२१ साली, स्कॉर्पिओ-एन २०२२ च्या जूनमध्ये, आणि बाजारात येताना दोन्हींची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत अगदी तीच होती, ११ लाख ९९ हजार. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासात १ लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले. त्यातल्या किती जणांनी गाडी आधी चालवून पाहिली असेल, हा मला पडलेला प्रश्न. डिझेल इंजिन दोन्हींत २.२ लिटरचंच. वरच्या मॉडेलला स्कॉर्पिओ-एनमध्ये १७५ पीएस, एक्सयूव्हीत १८५. पीएस म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं माप. बाप-लेक त्या दहा पीएसवरून भांडत होते. दहा पीएसनं काय होतंय हो? सहा माणसं बसली आणि एसी लावला की ते दहा कुठं गेले ते कळतसुद्धा नाही.

खरा फरक खाली आहे. गाडी लिफ्टवर चढवली की लगेच दिसतो. स्कॉर्पिओ-एनला चासी आहे. म्हणजे शिडीसारखी एक जाड लोखंडी चौकट, आणि तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी. ट्रकला असते तशी. एक्सयूव्हीला वेगळी चासी नाही. बॉडी आणि तळ मिळून एकच सांगाडा, त्याला मोनोकॉक म्हणतात. स्कॉर्पिओची मागची चाकं गाडीला ढकलतात, एक्सयूव्हीची पुढची चाकं ओढतात. ब्रोशरमध्ये ही गोष्ट एका ओळीत येते आणि सनरूफला अख्खं पान. सनरूफबद्दल मी काही बोलत नाही. सांगोल्याच्या उन्हात ते कोण उघडणार ते मला बघायचंय.

या एका फरकातून बाकी सगळं निघतं. चासीची गाडी खड्ड्यात आदळली तरी फारसं मनावर घेत नाही, पण तुटक्या डांबरावर तिचं अंग सारखं हलत राहतं आणि मागं बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलतं. मोनोकॉक वळणावर जमिनीला धरून राहते. उलट मागं ओझं भरून मुरमाचा चढ चढायचा असेल तर वजन मागच्या चाकांवर येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरायला लागतात. तिथं मागनं ढकलणारी गाडी बरी. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मात्र दोन्हींचं सारखंच. तिथं फोर बाय फोर लागते, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, तीही लो रेंजची, म्हणजे सावकाश पण जास्त जोरानं ओढणाऱ्या गिअरची. ती स्कॉर्पिओ-एनमध्ये डिझेलला मिळते, पण मग दोन कोटेशनांची बरोबरी राहत नाही.

मी दाजींना विचारलं, "गेल्या महिन्यात गाडी कुठं कुठं गेली, सांगा." दाजी म्हणाले, "रानात जातीच की रोज." मी म्हटलं, "रानात पिकअप जाते दाजी. तुमची जुनी गाडी कुठं गेली?" बोटं मोजायला बसले. पुणं तीन वेळा, पंढरपूर चार वेळा, अकलूजला दवाखाना, आटपाडीला लग्न. सगळी डांबरी. रानातली वाट दोन किलोमीटरची, तीही महिन्यातून एकदा, पाव्हण्यांना बाग दाखवायला. यावर दाजी गप्प झाले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

मग आम्ही सगळे शोरूमला गेलो. सगळे म्हणजे सगळे. आक्का, दाजी, भाचा, सून आणि दोन वर्षांची नात. माझा आग्रहच होता. शोरूममधला पोरगा आम्हाला बघून जरा बिचकला. कारण गाडी चालवून बघायला एकटा माणूस येतो, पुढं बसतो, स्टेअरिंग हातात घेतो आणि खूश होऊन जातो. पुढची सीट कुठल्याही गाडीची चांगलीच असते.

मी आक्काला आधी मागच्या दारानं चढायला लावलं. तिचे गुडघे गेलेत. स्कॉर्पिओ-एनची उंची १८५७ मिलिमीटर, एक्सयूव्हीची १७५५. कागदावर चार इंचांचा फरक. आक्कानं स्कॉर्पिओत चढताना आधी उजवा पाय टाकला, मग दांडीला धरलं, मग साडीचा काठ सोडवला, मग क्षणभर तशीच थांबली आणि एका झोक्यात वर गेली. वर गेल्यावर हसली, पण उतरताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. एक्सयूव्हीत ती बसली तेव्हा बोलत बोलतच बसली. मी भाच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर असा आनंद, की जणू मॅच जिंकली.

म्हटलं थांब, एवढ्यात नाचू नको. दाजींना म्हटलं, "तिसऱ्या ओळीत बसा." दोन्ही गाड्यांत बसवलं. दाजी अंगानं भरलेले. तिसरी ओळ दोन्हीकडं पोरांचीच, हे खरं. पण एक्सयूव्हीत तिथं एसीची जाळी आहे, स्कॉर्पिओ-एनमध्ये नाही. मे महिन्यात टेंभुर्णीच्या पुढं ते कळेल. शिवाय ती सीट दुमडायची कशी तेही बघा. एक्सयूव्हीची दुमडून सपाट होते, वर डाळिंबाचे क्रेट सरळ बसतात. स्कॉर्पिओ-एनची दुमडून पुढं उभी राहते आणि मागची अर्धी जागा तीच खाते. दाजी स्कॉर्पिओच्या तिसऱ्या ओळीतनं बाहेर यायला लागले आणि मधेच अडकले. एक पाय बाहेर, डोकं आत. नात टाळ्या वाजवायला लागली. माझ्या मते निकाल तिथंच लागला.

नातीवरून आठवलं. ग्लोबल एनकॅप म्हणजे गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणारी संस्था. तिच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेला दोन्ही गाड्यांना ५ तारे आहेत. पोरांच्या सुरक्षेला एक्सयूव्हीला ४, स्कॉर्पिओ-एनला ३. जाहिरातीत पाचच दिसतात. घरात लहान पोर असेल तर दुसरा आकडा मुद्दाम विचारा. आणि तारे कितीही असू द्यात, पोराला मांडीवर घेऊन पुढं बसलात तर त्याचा काही उपयोग नाही.

चालवून बघताना ते एक ठरलेला गुळगुळीत चक्कर मारून आणतात. तो नको म्हणायचं. सगळ्यांना बसवायचं आणि खराब रस्ता मागायचा. आम्ही दिवे घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो. सुनेला गाडी लागते, म्हणून तिला मधल्या ओळीत बसवलं. एका गाडीत ती येईपर्यंत गप्पा मारत होती. दुसरीत काच खाली करून बसली. कुठल्या ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कोटेशनचा शेवटचा आकडा बघू नका, ओळी बघा. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त असतो. अठरा लाखांच्या गाडीला तिथंच ३६ हजार गेले. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. बाहेरून एक दर काढून आणा आणि समोर ठेवा. आमच्या कोटेशनात 'हँडलिंग' नावाची एक ओळ होती. हे काय, म्हणून विचारलं तर त्या पोरानं पेनानं ती गुपचूप खोडली.

आणि डिझेल घेणाऱ्यांना एक सांगणं. हल्लीच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तीत अडकते आणि गाडी लांबवर, चांगली तापून पळाली की जळून जाते. रोज नुसतं आठ किलोमीटर ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीत ती जळत नाही, साठते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस माझ्याकडं येतो. भाच्याची गाडी महिन्यातून तीन-चारदा गावी जाणार होती, म्हणून मी डिझेलला हो म्हटलं. नाहीतर पेट्रोलच सांगितलं असतं.

दसऱ्याला एक्सयूव्ही आली. दाजींनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि येईल त्याला "स्कॉर्पिओची वेटिंग होती" असं सांगितलं. वेटिंग नव्हती.

दिवाळीत पाव्हणे आले आणि दाजी त्यांना बाग दाखवायला घेऊन निघाले. वाटेत पाण्याचा पाट आडवा जातो. पिकअपच्या सवयीनं त्यांनी गाडी तशीच घातली. पुढच्या बंपरची खालची पट्टी निघून आली. चूक गाडीची नव्हती. पाट खोल होता आणि दाजी वेगात होते. पट्टी मीच बसवून दिली. मग दाजींनी पाटावर सिमेंटचे दोन पाइप टाकले, मुरूम भरला आणि वाट वर उचलून घेतली. साडेअकरा हजार खर्च आला. स्कॉर्पिओ घेतली असती तर हे पैसे वाचले असते, असं ते मला दर फोनला ऐकवतात. आक्का मागनं ओरडते, "त्यांचं काय ऐकू नकोस." ती हल्ली महिन्यातून दोनदा पुण्याला जाते.

नमस्कार.