उपाशी रेटिना आणि भलतीकडे वाढणाऱ्या रक्तवाहिन्या

'शुगरमुळे पडद्यावर नव्या नसा फुटल्यात' असं डोळ्याचे डॉक्टर सांगतात तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात येतं की नव्या नसा आल्या तर बरंच की, रक्त जास्त मिळेल. हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आज मी त्याच्याच मागे जाणारे, म्हणजे रेटिनातल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, रक्तवाहिनीला 'वाढ' कोण सांगतं आणि 'आता पुरे' कोण सांगतं.

रेटिना जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, पण ऑक्सिजन मात्र भरपूर लागतो तिला. तिच्या पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत बनत असतं आणि बनल्या बनल्या मोडलंही जातं. मोडण्यासाठी त्याच्यावर खूण करावी लागते, ती करतं प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम, आणि ह्या एन्झाइमला त्या कामासाठी ऑक्सिजनच लागतो! म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ टिकून राहतं, न्यूक्लियसमध्ये शिरतं आणि व्हीईजीएफ ह्या ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे रक्तवाहिन्यांना 'वाढ' सांगणाऱ्या प्रोटीनचं, जीन चालू करतं. पेशीला ऑक्सिजन कमी पडतोय हे कळतं ते असं. ह्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा ह्यांना 2019 चं नोबेल मिळालं. मला स्वतःला ही सगळी साखळी आजही थक्क करते.

रेटिनातूनच कुठलातरी रासायनिक निरोप येत असणार, हा अंदाज डोळ्याचे डॉक्टर मायकेलसन ह्यांनी 1948 मध्येच मांडला होता, व्हीईजीएफची ओळख पटायला मात्र 1989 उजाडलं.

आता वाढणाऱ्या रक्तवाहिनीचं टोक जवळून बघू. सगळ्यात पुढे एकच एंडोथेलियल पेशी, म्हणजे नळीची आतली भिंत बनवणारी पेशी, असते, टिप सेल म्हणतात तिला, तिला बारीक बारीक बोटं फुटलेली असतात आणि जिकडे व्हीईजीएफ जास्त तिकडे ती चाचपडत सरकते, मागच्या पेशींची संख्या वाढत जाते आणि नळी लांबते. व्हीईजीएफ बाहेरूनच पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, रिसेप्टरचा आतला भाग स्वतःच एक एन्झाइम आहे, कायनेज, ते फॉस्फेट जोडत जातं आणि निरोप पुढे सरकतो. पण वाटेत कोलॅजनचं अस्तर आडवं असतं, ते कापायला एमएमपी नावाची एन्झाइम्स लागतात, त्यांच्या कात्रीत झिंकचा अणू बसलेला असतो. कापताना त्या जाळ्यात अडकून पडलेलं व्हीईजीएफही सुटं होतं, म्हणजे कात्री जास्त चालली की निरोपही वाढतो. म्हणून शरीराने कात्रीला लगाम पण ठेवलाय, टिंप नावाची प्रोटीन्स.

नळी तयार झाली तरी ती अजून कच्ची असते. एंडोथेलियल पेशी पीडीजीएफ नावाचा आणखी एक ग्रोथ फॅक्टर सोडून पेरिसाइट ह्या आधार देणाऱ्या पेशींना बोलावतात, त्या बाहेरून नळीला हात लपेटून बसतात आणि अँजिओपोएटिन-1 हे प्रोटीन देऊन तिला शांत, घट्ट ठेवतात. रेटिनात पेरिसाइट फार दाट असतात आणि डायबेटिसमध्ये सुरुवातीलाच मरतात त्यासुद्धा ह्याच. मग बारीक नळ्या बंद पडतात, रेटिना उपाशी राहते, व्हीईजीएफ वाढतं आणि नव्या नसा फुटतात, पण त्या रेटिनाच्या आत न जाता समोर डोळ्यात भरलेल्या जेलीत घुसतात, नीट आधार नसतो, गळतात, फुटतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच, रक्त जिथे हवं तिथे पोचतच नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं बघा. गर्भात साधारण 16 व्या आठवड्यात रक्तवाहिन्या ऑप्टिक नर्व्हपासून निघतात आणि पडद्याच्या कडेला पोचायला जवळपास 40 वा आठवडा लागतो. बाळ आधीच बाहेर आलं की गर्भातल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, व्हीईजीएफ घटतं, वाढ अर्ध्यावर थांबते, त्यात आयजीएफ-1 हा दुसरा ग्रोथ फॅक्टरही कमी झालेला असतो. पुढे काही आठवड्यांनी उरलेली रेटिना मोठी होते, ऑक्सिजन मागते, आणि व्हीईजीएफ एकदम उसळतं. 1940 च्या दशकात आणि 50 च्या सुरुवातीला ऑक्सिजन मोकळ्या हाताने दिला जायचा आणि हजारो बाळांची दृष्टी गेली, जीव वाचवायला दिलेल्या गोष्टीने. हे वाचताना अजूनही गलबलतं.

उपचारही ह्याच साखळीवर चालतात. लेझरने उपाशी भागातल्या काही पेशी जाळल्या की ऑक्सिजनची मागणीच कमी होते आणि व्हीईजीएफ उतरतं. डोळ्यात देतात ते इंजेक्शन तयार व्हीईजीएफला पकडून ठेवतं, पण एचआयएफ टिकून असेल तर नवं बनतच राहतं, म्हणून बऱ्याच पेशंटना इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. मोठ्या माणसात हे ठीक, पण बाळाच्या बाकीच्या अवयवांना वाढायला तेच व्हीईजीएफ हवं असतं आणि डोळ्यातलं औषध थोडंफार रक्तात उतरतंच, त्यामुळे तिथे डोस ठरवताना डॉक्टरांना फार जपून हात चालवावा लागतो.