सही करून जाणारी माणसं

मंडळी, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्यांना महाराजपुरच्या हवाई तळावरच्या विमानांचा आवाज काही नवा नाही. १९८५ साली मिराज ही लढाऊ विमानं आली, तेव्हापासून दुपारची झोप मोडली म्हणून कुरकुरणारे एक आजोबा प्रत्येक वाड्यात आहेतच. पण वैमानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला गॉगल येतो. मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो, विमानाला बॉम्ब लावायचं काम. १९९९च्या उन्हाळ्यात कारगिलसाठी इथली मिराज पंजाबात आदमपूरला गेली, तेव्हा आम्हीही गेलो.

२६ मेला हवाई हल्ले सुरू झाले. दुसऱ्या दिवशी आपली मिग-२१ आणि मिग-२७ ही दोन लढाऊ विमानं गमावली, २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. मेसमधली थट्टा त्यानंतरही थांबली नाही. हेच मला नवल वाटायचं. बदलली ती विमानाशेजारची वागणूक. एरवी विमानाभोवती झटपट फेरी मारणारा फ्लाइट लेफ्टनंट आता वाकून प्रत्येक बॉम्ब हाताने हलवून बघे. आम्ही काढलेल्या लाल फितीच्या सेफ्टी पिना त्याला वर धरून दाखवायच्या. त्या मोजून होईपर्यंत तो मान डोलवत नसे. युद्धात माणूस धीट होतो म्हणतात. मी पाहिलेले तरी जास्त चिकित्सक झाले.

आणि चिकित्सेला कारण होतं. खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहायचं तर उंचावरून मारा करावा लागे. लक्ष्यंच मुळी सोळा-सतरा हजार फुटांवर, तिथली हवा विरळ, त्यामुळे बॉम्बचं पडणं मैदानातल्या हिशोबाने होत नाही. त्यात नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सरकारचा हुकूम, म्हणजे कुठूनही झेप घ्या असंही नाही. २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. त्यात बॉम्ब सुटला की काम संपत नाही. तो आदळेपर्यंत लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. त्या दिवशी हवाई दलप्रमुख टिपणीस स्वतः एका मिराजमध्ये होते. आपल्यातलाच माणूस, म्हणून आमच्या मराठी पोरांची छाती जरा जास्तच फुगली होती, हे कबूल.

उड्डाणाआधी वैमानिक फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीवर सही करतो, म्हणजे विमान ठीक आहे असं मानून ताब्यात घेतो. खाली आमच्या सह्या असतात. पुष्कळांनी विचारलंय, त्यांना भीती वाटायची का? मला कुणी तोंडाने सांगितलं नाही. पण एकदा हल्ल्यावरून परतलेल्या एकाने, चेहऱ्यावर मास्कचे वळ तसेच असताना, बिघाडाच्या रकान्यात लिहिलं: ‘डाव्या बाजूचा आरसा सैल.’ आमचा वॉरंट ऑफिसर ते वाचून खो खो हसला, आणि रात्रीच्या आत आरसा घट्ट करून घेतला. साहेबांना उजाडताच पुन्हा जायचं होतं.