मांजर पाळायचंय? आधी सांगा, तुमच्या घराची किल्ली कोणाकडे आहे?

नमस्कार मंडळी. मागे पाऊस ऐकू येतोय ना? इथे गोव्यात, फोंड्यात, सकाळपासून थांबलेला नाही, आवाज मधेच बुडाला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या जिन्याखाली सापडलेल्या तीन पिल्लांचा व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, मला मांजर पाळायचंय, जमेल का?" ताळगावहून एका मुलीने लिहिलंय, ती शिकायला आलेय, भाड्याच्या खोलीत राहते, खिडकीखाली एक पिल्लू भिजतंय, आत घेऊ का? तिचा प्रश्न वेगळा आहे, तिला मी शेवटी उत्तर देते. तिने तोवर थांबायचं.

नेहमीच्या गोष्टी भराभर सांगून टाकते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडायचं नाही, बारा आठवडे झाले तर उत्तमच. दोन महिन्यांच्या सुमाराला ट्रायकॅटची, म्हणजे मांजरांच्या तीन रोगांवरची लस, मग बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीजची. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. फ्लॅट असेल तर बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी. शी-शूसाठी माती भरलेले डबे मांजरं जितकी त्याहून एक जास्त. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर येतं. पॅरासिटामॉल अर्धी गोळीसुद्धा द्यायची नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारायचं, आणि होकार लेखी घ्यायचा. झालं.

यातलं जवळजवळ सगळं थोडे पैसे आणि थोडी शिस्त असली की होतं. म्हणून "मी तयार आहे का" असं कोणी विचारलं की मी पगार विचारत नाही. मी विचारते, तुम्ही घरी नसताना घराची किल्ली कोणाकडे असते? रोज दोनदा दार उघडून आत जाईल, मातीच्या डब्यात काय आहे ते बघेल, आणि वेळ आली तर मांजराला उचलून डॉक्टरकडे नेईल, असा माणूस. त्याचं नाव तुम्हाला घेता येतंय का?

हा प्रश्न मला चवथीने शिकवला. आमचं मूळ घर पेडण्यात, चवथीला सगळं कुटुंब तिकडे जमतं, आमचा गणपती पाच दिवसांचा. सहा वर्षांपूर्वी मी सोन्याला, माझ्या पिवळ्या बोक्याला, इथे फ्लॅटमध्ये ठेवून गेले. परातभर कोरडं खाणं, पाण्याचे तीन वाडगे, डब्यात ताजी माती. मांजर आहे, राहील, असं मीच आईला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना समोरच्या काकींचा फोन आला, "अगो, तुझं माजर सकाळपासून वेगळंच ओरडतंय." त्या दारापर्यंत जाऊन आल्या होत्या, दाराला कान लावून उभ्या राहिल्या होत्या. दार बंद, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, पेडण्यात, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या खोलीत.

पावसात स्कूटर काढून मी फोंड्याला पोचले तोवर संध्याकाळ झाली होती. डब्यातली माती बाहेरपर्यंत उडालेली होती, डब्याच्या तळाला नखांचे ओरखडे होते, आणि एवढ्या सगळ्या उकरलेल्या मातीत ओला गोळा एकही नाही. हात फिरवून बघितलं, सगळी कोरडी. सोन्या मोरीतल्या थंड लादीवर बसून शेपटीखाली चाटत होता, थांबतच नव्हता. त्याची लघवी तुंबली होती.

बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. तिच्यात खड्यांची बारीक रेती किंवा चिकट बूच अडकलं की थेंबही बाहेर पडत नाही. मग मूत्रपिंडं थकतात, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदय बिघडतं, आणि एक-दोन दिवसांत मांजर जाऊ शकतं. चवथीमुळे दोन दवाखाने बंद मिळाले. तिसरे डॉक्टर घरचा गणपती सोडून आले आणि त्यांनी नळी घातली. सकाळपर्यंत थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं, एवढंच ते म्हणाले. सोन्या आज आठ वर्षांचा आहे, तो बघा, पडद्यामागे शेपटी दिसतेय.

बोका डब्यात पुन्हा पुन्हा जातोय, कण्हतोय आणि माती कोरडीच आहे, हे दिसलं तर रात्र काढायची नाही, लगेच न्यायचं. पण दिसायला आत कोणीतरी असायला हवं. काकींना ऐकू आलं होतं. त्यांच्याकडे किल्ली असती तर सोन्याचे सात-आठ तास वाचले असते.

आता एका कमेंटकडे येते, कारण ती दर व्हिडिओखाली असते. "मांजर स्वतंत्र प्राणी आहे, आमच्या आजीकडे पाच होती, कोणी काही केलं नाही, मजेत होती." मला याचा राग येतो, खरंच येतो. माझ्या आजीकडेही होती. पण आजीचं घर आठवा ना! पुढे बल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, मागीलदारी विहीर, दिवसभर दारं उघडी, भाताच्या कोठीत उंदीर, आणि वाड्यावरच्या पाच-सहा घरांत माजराला हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, तुकडा टाकणारं कोणीतरी. ते मांजर लंगडत आलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला कळायचं. तिथे किल्लीची गरजच नव्हती. आपण तेच मांजर उचलून तिसऱ्या मजल्यावर आणलं, दाराला लॅच लावलं, आणि त्याला स्वतंत्र म्हणायला लागलो. शिवाय आजीची किती मांजरं म्हातारी झाली ते आठवून बघा. मला एकही आठवत नाही. एक दिवस दिसेनाशी व्हायची, आणि त्यांच्या जागी नवीन आलेली असायची.

दुसरी बाजू. आपल्याकडे कितीतरी घरांतला एक माणूस बोटीवर असतो, नाहीतर आखातात, नाहीतर लंडनला. माझा मावसभाऊ बोटीवर आहे. दोन काँट्रॅक्टांच्या मधल्या सुट्टीत त्याने पर्शियन पिल्लू आणलं, दोन महिने जिवापाड केलं, आणि गेला. पर्शियनचे केस रोज विंचरावे लागतात. मावशीचे गुडघे दुखतात, तिला खाली बसता येत नाही. सात महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्या मांजराच्या पोटाखालचे केस जटा होऊन कातडीला ओढ देत होते, सगळं अंग भादरावं लागलं. मी मावशीला दोष देत नाही, तिला कोणी विचारलंच नव्हतं. घरातलं मांजर नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. त्या पंधरा वर्षांत तुम्ही किती दिवस घरी असणार, आणि नसाल तेव्हा जो सांभाळणार त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलंय का?

आणि विचारताना श्रावणाचंही विचारा. मी गंमत करत नाहीये. आपल्या कित्येक घरांत श्रावणात नुस्तं, म्हणजे मासळी, आत येत नाही. मांजराला मात्र मांस-मासळी लागतेच, टॉरिन नावाचा घटक त्याला त्यातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात, हृदय खराब होतं. दूधभातावर मांजर महिनाभर काढू शकत नाही, आणि मोठ्या मांजराला गाईचं दूध बहुधा पचतही नाही. त्याच्या आधी १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद, म्हणजे ताज्या बांगड्यावर वाढवलेलं मांजर ६१ दिवस वाटीकडे बघून तोंड फिरवतं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढते, तेही जिवावर येतं, लठ्ठ मांजराला तर फारच. तेव्हा पिल्लू असल्यापासून दोन-तीन तऱ्हेच्या खाण्याची सवय लावा. आणि सासूबाईंना, आईला आधीच विचारा, श्रावणात मांजराची वाटी कुठे ठेवायची, भांडं वेगळं हवं का. माझ्या एका मैत्रिणीकडे मांजराचं जेवण श्रावणात बाल्कनीतल्या शेगडीवर शिजतं, कोणाची तक्रार नाही. आधी बोलणं झालं होतं म्हणून.

एकीने लिहिलंय, ती गरोदर आहे आणि घरचे मांजर सोडून यायला सांगताहेत. बाई गं, सोडू नकोस. भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची असते. तो विष्ठेतून येतो, पण बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. डबा रोज साफ झाला पाहिजे, आणि तो तू सोडून दुसऱ्या कोणी करायचा. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. बाकी तुझ्या डॉक्टरांना विचार. बघा, इथेही पुन्हा दुसरा माणूस आलाच.

तिसरी बाजू, आणि इथे मला फार बरं वाटलं होतं. आमच्याच वाड्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ७२, एकट्या राहतात. त्यांनी विचारलं, या वयात मांजर घेऊ का? मी नाही म्हणायच्या तयारीत होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजवर कागद चिकटवलेला, सुवाच्य अक्षरात. एक किल्ली शेजारच्या मुलाकडे, दुसरी म्हापशाच्या मुलीकडे. डॉक्टरांचा नंबर, रात्रीचा नंबर. खाली लिहिलेलं, "मी गेल्यावर मांजर मुलीकडे जाईल," आणि पुढे मुलीची सही. अजून मांजर आलेलंही नव्हतं! मी त्यांना एवढंच सुचवलं की पिल्लू नको, सात-आठ वर्षांचं शांत मांजर घ्या. त्यांनी एका डोळ्याने अधू असलेली मांजरी आणली. सकाळी त्या पेपर वाचतात तेव्हा ती त्यांच्या पायावर बसलेली असते.

तर ताळगावची मुलगी. तुझ्याकडे किल्ली देण्यासारखं कोणी नाही, सुट्टीत तू गावी जाणार, म्हणजे पाळायला आज तू तयार नाहीस. पण भिजणाऱ्याला आत घेणं वेगळं. आधी बघ, त्याची आई आसपास आहे का. पाऊस जोरात असेल तर पिल्लाला जवळच कोरड्या आडोशाला ठेव आणि लांबून दोन-तीन तास लक्ष ठेव. ती आली नाही, तर उचल. टॉवेलने पूस, खोक्यात जुना कपडा घाल, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेव, म्हणजे नको झालं तर त्याला लांब सरकता येईल. अंग गार असताना काही पाजू नकोस, आधी ऊब. गाईचं दूध नको, मांजरांच्या पिल्लांचं पावडरचं दूध औषधांच्या दुकानात किंवा पेट शॉपमध्ये विचार. पाजताना पालथं धरायचं, उताणं नाही. उद्या डॉक्टरकडे ने आणि मालकांना सांग, पंधरा दिवसांसाठीच आहे. फोटो मला पाठव. त्याला घर शोधायचं काम मी करते.